प्रतिज्ञा, हेतू आणि उदाहरण

मराठी शालेय पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर एक मजकूर छापलेला असतो. तो कोणत्याही धड्यात मोडत नाही, त्याच्याखाली स्वाध्याय नसतो, आणि परीक्षेत त्यावर कधी प्रश्नही येत नाही. तरीही शालेय जीवनात सर्वाधिक वेळा उच्चारले जाणारे गद्य कोणते, असे विचारले तर उत्तर तेच येईल. हा मजकूर म्हणजे आपली राष्ट्रीय प्रतिज्ञा. दहा-बारा वर्षे, दर शाळेच्या दिवशी, उजवा हात समोर धरून म्हटल्या गेलेल्या या आठ वाक्यांकडे साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र संहिता म्हणून क्वचितच पाहिले. मुलांकडून राष्ट्रनिष्ठेची प्रतिज्ञा वदवून घ्यावी की नाही, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उठतो. पण तो बहुधा 'देशभक्त' आणि 'देशद्रोही' या दोन शब्दांच्या मधल्या अरुंद बोळात अडकून पडतो. त्या बोळाबाहेर येऊन या प्रश्नाचा इतिहास पाहावा, आणि मग संहितेकडे वळावे, असा आमचा प्रयत्न आहे.

आरंभ शब्दापासूनच करू. 'प्रतिज्ञा' या शब्दाला आपल्या परंपरेत दोन वेगळे अर्थ आहेत. एक सर्वांच्या परिचयाचा: भीष्माची प्रतिज्ञा, किंवा भासाच्या 'प्रतिज्ञायौगंधरायण' नाटकातील मंत्र्याची प्रतिज्ञा. येथे प्रतिज्ञा म्हणजे जाणत्या माणसाने, परिणामांची कल्पना असताना, स्वतःला घालून घेतलेले बंधन. ती न करण्याची मुभा असते म्हणूनच तिला मोल येते. देवव्रताला कोणी रांगेत उभे करून ती वदवली असती तर तो भीष्म झाला नसता.

दुसरा अर्थ न्यायशास्त्राचा. न्यायदर्शनातील अनुमानवाक्याला पाच अवयव सांगितले आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. तेथे धूर दिसतो, हा हेतू. स्वयंपाकघरात धूर तेथे अग्नी असा अनुभव आहे, हे उदाहरण. म्हणजे नैयायिकाच्या लेखी प्रतिज्ञा हे सिद्ध झालेले सत्य नव्हे. ते सिद्ध करावयाचे विधान आहे. ज्याने प्रतिज्ञा मांडली त्याच्यावर हेतू आणि उदाहरण देण्याची जबाबदारी येते. ती न पाळता केवळ प्रतिज्ञाच पुन्हा पुन्हा उच्चारणारा वादी सभेत हरतो.

शाळेतील प्रतिज्ञा या दोहोंपैकी कोणत्या अर्थाची, हा आमच्या मते कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी थोडे दूर, अमेरिकेत जावे लागेल. कारण शाळकरी मुलांच्या रोजच्या राष्ट्रनिष्ठेचा हा प्रकार आणि त्यावरचा न्यायालयीन वाद या दोहोंचा सर्वाधिक ठळक इतिहास तेथला आहे, आणि त्या वादाचे पडसाद पुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयातही उमटले आहेत.

अमेरिकन प्रतिज्ञा जन्मली ती एका नियतकालिकात. बॉस्टनहून निघणाऱ्या 'द यूथ्स कम्पॅनियन' या साप्ताहिकाने ८ सप्टेंबर १८९२ च्या अंकात ती प्रसिद्ध केली. निमित्त होते कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षे पूर्ण होण्याचे. हे साप्ताहिक शाळांना राष्ट्रध्वज विकण्याची मोहीमही चालवत होते. लेखक फ्रॅन्सिस बेलामी हे बाप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक आणि ख्रिस्ती समाजवादाचे पुरस्कर्ते. यादवी युद्धाच्या जखमा पुऱ्या भरल्या नव्हत्या आणि युरोपातून स्थलांतरितांचे लोंढे येत होते, असा तो काळ. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या घरांतील मुलांना एका ध्वजाखाली कसे आणावे, या चिंतेतून ही संहिता आली.

साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट या संहितेच्या जन्मकथेत आहे. फ्रेंच राज्यक्रांतीची स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी वापरावी काय, असा विचार आपण केला होता आणि ती प्रत्यक्षात यायला फार काळ लागेल म्हणून सोडून दिली, असे बेलामी यांनी पुढे नमूद केले. त्यांनी स्वातंत्र्य आणि न्याय एवढ्यावरच वाक्य संपवले. बंधुतेचे विधान करायला तो लेखक कचरला, हे आपण ध्यानात ठेवू. पुढे त्याचा उपयोग होईल.

या संहितेत फेरफार होत गेले, आणि प्रत्येक फेरफारामागे त्या त्या काळची एक भीती होती. मूळ पाठात बोलणारा 'माझ्या ध्वजा'शी निष्ठा सांगत असे. १९२३ आणि १९२४ साली भरलेल्या ध्वजपरिषदांनी तेथे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे नाव घातले, कारण स्थलांतरित मूल मनात आपल्या जुन्या देशाचा ध्वज धरील अशी शंका होती. ध्वजाकडे हात लांबवून अभिवादन करण्याची रीत हिटलरच्या अनुयायांच्या सलामीसारखी दिसू लागली तेव्हा, १९४२ च्या डिसेंबरात, हात छातीवर ठेवावा असे ठरले. १९५४ साली, साम्यवादाशी चाललेल्या शीतयुद्धाच्या वातावरणात, राष्ट्र ईश्वराच्या छत्राखाली असल्याचे दोन शब्द कायद्याने घालण्यात आले. बेलामी तोवर हयात नव्हते. १९३१ सालीच त्यांचे निधन झाले होते. ज्या वाक्याला मुले शाश्वत मानून म्हणत होती ते असे पुन्हा पुन्हा संपादित होत होते.

या इतिहासातील खरा पेचप्रसंग मात्र शब्दांचा नव्हता, सक्तीचा होता. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेनुसार ध्वजाला अभिवादन करणे ही मूर्तिपूजा ठरते. पेनसिल्व्हेनियातील मायनर्सव्हिल या गावी १९३५ साली बारा वर्षांची एक मुलगी आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ यांनी अभिवादनास नकार दिला आणि त्यांना शाळेतून काढण्यात आले. 'गोबायटिस' या नावाने ओळखला जाणारा तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ३ जून १९४० रोजी आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने निकाल मुलांच्या विरोधात लागला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रॅन्कफर्टर हे स्वतः व्हिएन्नात जन्मलेले ज्यू स्थलांतरित होते. राष्ट्रीय ऐक्य हा राष्ट्रीय सुरक्षिततेचा पाया आहे आणि ते कसे साधावे हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हे, अशी त्यांची भूमिका. युरोपात फ्रान्स कोसळत असतानाचे ते आठवडे होते, हे विसरून चालणार नाही. परंतु या निकालानंतर देशात ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. मेन राज्यातील केनेबंक येथे त्यांचे सभागृह जाळण्यात आले. निष्ठेच्या पाठातून बंधुभाव वाढण्याऐवजी शेजाऱ्याकडे संशयाने पाहण्याची मुभा मिळाली.

तीनच वर्षांनी न्यायालयाने स्वतःचा निर्णय फिरवला. पश्चिम व्हर्जिनियाच्या शिक्षण मंडळाने १९४२ साली ध्वजवंदन सक्तीचे केले होते. नकार देणाऱ्या मुलाला काढून टाकायचे, मग ते 'बेकायदा गैरहजर' ठरवायचे आणि त्याच्या पालकांवर खटला भरायचा, अशी ती व्यवस्था होती. १४ जून १९४३ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या ध्वजदिनीच, 'बार्नेट' खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी ही सक्ती घटनाबाह्य ठरली. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांच्या निकालपत्राचा विशेष असा की त्यांनी हा प्रश्न केवळ एका पंथाच्या धर्मस्वातंत्र्याचा मानला नाही. तो उच्चारस्वातंत्र्याचा मानला. बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचे स्वातंत्र्य येते. जे आपल्या मनात नाही ते तोंडाने वदवण्याचा अधिकार कोणत्याही अधिकाऱ्याला नाही. सक्तीने आणलेली एकवाक्यता अखेर स्मशानातील शांततेकडे नेते, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय. हे सारे महायुद्ध ऐन भरात असताना लिहिले गेले, यात त्याचे धैर्य आहे.

आता आपल्याकडे येऊ. भारतीय प्रतिज्ञेचा काळही चिंतेचाच आहे. १९६१ च्या फेब्रुवारीत जबलपूरला दंगल झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय एकात्मता परिषद स्थापन झाली आणि संपूर्णानंद यांच्या अध्यक्षतेखाली भावनिक एकात्मतेसाठी समिती नेमली गेली. भाषावार राज्यरचनेचे वाद ताजे होते. महाराष्ट्र राज्याला जेमतेम वर्ष होत होते. दक्षिणेत वेगळ्या द्रविडनाडूची मागणी उभी होती. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले. १९६३ साली घटनेची सोळावी दुरुस्ती झाली आणि निवडणुकीच्या उमेदवारांच्या व लोकप्रतिनिधींच्या शपथेत देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता राखण्याचे शब्द आले. मोठ्यांच्या आणि मुलांच्या शपथा अशा एकाच हवेत तयार होत होत्या.

प्रतिज्ञेचा मूळ मसुदा पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांचा. तत्कालीन नलगोंडा जिल्ह्यात जन्मलेले हे गृहस्थ विशाखापट्टणम येथे कोषागार अधिकारी होते आणि तेलुगूतून लेखनही करीत. १९६२ साली त्यांनी तेलुगूत हा मजकूर लिहिला. स्वातंत्र्यसैनिक तेन्नेटी विश्वनाथम् यांच्यामार्फत तो आंध्र प्रदेशच्या शिक्षणमंत्र्यांपर्यंत पोचला आणि १९६३ मध्ये तेथील शाळेत वाचला गेला. पुढे १९६४ साली बंगळूर येथे केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक भरली. अध्यक्षस्थानी केंद्रीय शिक्षणमंत्री महंमद करीम छागला होते, म्हणजे एके काळचे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. सर्व भाषांत अनुवाद करून ही प्रतिज्ञा देशभर म्हटली जावी असे ठरले, आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती अमलात आली. राष्ट्रगीताच्या आणि 'वंदे मातरम्'च्या कवींची नावे प्रत्येक मुलाला पाठ असतात. प्रतिज्ञेच्या लेखकाचे नाव मात्र शिक्षकांनाही क्वचित ठाऊक असते.

२६ जानेवारी १९६५ या तारखेपाशी थोडे थांबले पाहिजे. संघराज्याची राजभाषा म्हणून इंग्रजीच्या वापरासाठी घटनेने दिलेली पंधरा वर्षांची मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि हिंदी लादली जाईल या भयाने मद्रास राज्य पेटले होते. आंदोलनात प्राण गेले, त्यांत आत्मदहन करणारेही होते. सारे देशवासी एकमेकांची भावंडे आहेत असे मुलांनी प्रथमच देशभर म्हणायचे, तो दिवस असा उजाडला. पण याच योगायोगाची दुसरी बाजूही आहे. त्या दिवशी मुलांच्या तोंडी आलेला मजकूर दिल्लीत हिंदीतून किंवा इंग्रजीतून उगवलेला नव्हता. तो एका तेलुगू माणसाचा होता आणि मराठी मूल तो मराठीत, तमिळ मूल तमिळमध्ये म्हणणार होते. एकतेची अशी बहुभाषिक कल्पना त्या वर्षी किती गरजेची होती, हे प्रतिज्ञेवर टीका करणाऱ्यांनीही मान्य करायला हवे.

संहितेकडे वळल्यावर तिचे गुण आणि तिच्यातील ताण दोन्ही दिसू लागतात. पहिली गोष्ट म्हणजे तिच्यात काय नाही. ध्वज नाही, राजा नाही, सरकार नाही, नेता नाही, देव नाही, शत्रूही नाही. युद्धाच्या वर्षात लिहिलेल्या मजकुरात शत्रूचा उल्लेख नसावा, ही साधी गोष्ट नव्हे. निष्ठा सांगितली आहे ती देशाशी आणि देशातल्या माणसांशी. अमेरिकन मूल ध्वजाकडे आणि त्यामागच्या प्रजासत्ताकाकडे पाहते. भारतीय मुलाला शेजारच्या मुलाकडे पाहायला सांगितले आहे. पालक, शिक्षक आणि वडीलधारी माणसे यांचा आदर, सर्वांशी सौजन्य, ही घरगुती नीती या राष्ट्रीय संहितेत सहज सामावली आहे.

दुसरी गोष्ट सर्वनामांची. आठ वाक्यांत 'मी' आणि 'माझा' यांची रूपे दहापेक्षा अधिक वेळा येतात. संविधानाची उद्देशिका 'आम्ही' म्हणते. प्रतिज्ञा 'मी' म्हणते. परंतु उद्देशिकेतला 'आम्ही' संविधान सभेत बसून, तीन वर्षांच्या जवळपास वाद घालून, एका निर्णयाला आलेला आहे. प्रतिज्ञेतला 'मी' मात्र सहा वर्षांच्या मुलाला तयार मिळतो. प्रथमपुरुषी एकवचन आणि समूहस्वर यांचा हा विसंवाद लक्षणीय आहे: पाचशे मुले एका सुरात 'मी' म्हणतात, तेव्हा त्यातला 'मी' नेमका कोणाचा असतो?

तिसरी गोष्ट अनुवादाची. इंग्रजी आणि हिंदी पाठांत भाऊ-बहीण अशी जोडी आहे. मराठीत एकच शब्द आहे, 'बांधव'. व्याकरणाने पुल्लिंगी असलेल्या या शब्दात बहिणींना गृहीत धरले आहे. दुसरीकडे मराठी अनुवादकाने 'पाईक' हा अस्सल शब्द योजला. देशाच्या वारशाला पात्र ठरण्याची गोष्ट इंग्रजीत आहे. मराठीत ती परंपरांचा 'पाईक' होण्याची झाली. तुकोबांच्या गाथेत पाइकीचे स्वतंत्र अभंग आहेत आणि तेथे पाईक म्हणजे जिवाची पर्वा न करता धन्याचे काम करणारा, पोटार्थी नोकरीहून निराळ्या निष्ठेचा शिपाई. एका शब्दाने अनुवादकाने भक्तिपरंपरेचा आणि शिवकालीन लष्करी जीवनाचा असा दुहेरी संदर्भ मुलाच्या हाती दिला. तो संदर्भ उलगडून सांगायचे काम मात्र शाळेने बहुधा केले नाही.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रियापदांची. पहिली चार वाक्ये वर्तमानकाळी आहेत. देश माझा आहे, देशातील सारे माझे बांधव आहेत, माझे प्रेम आहे, मला अभिमान आहे, असा त्यांचा आशय. त्यानंतर भविष्यकाळी क्रियापदे येतात, आणि प्रत्यक्ष प्रतिज्ञा करण्याची क्रिया थेट सातव्या वाक्यात घडते. उद्देशिकेत बंधुता हे साध्य आहे; ती वाढवण्याचा निर्धार तेथे केला आहे. प्रतिज्ञेत बंधुता हे सिद्ध वास्तव म्हणून सांगितले आहे. बेलामी ज्या विधानाला कचरले ते आपल्या मजकुराने दुसऱ्याच वाक्यात, 'आहे' या क्रियापदासह, करून टाकले. येथे न्यायशास्त्राचा अर्थ जागा होतो. हे वाक्य संकल्पही नव्हे आणि वर्णनही नव्हे. ते सिद्ध करावयाचे विधान आहे. मग त्याचा हेतू कोणता, आणि उदाहरण कोठे?

उदाहरणाचा प्रश्न महाराष्ट्रात फार जुना आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेची हकीकत सांगितली आहे. वर्गात कोपऱ्यात वेगळे बसायचे, बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. त्या शाळेत प्रतिज्ञा नव्हती. पण असती तर त्या गोणपाटावर बसणाऱ्या मुलाने बांधवांविषयीचे ते वाक्य कोणत्या अर्थाने म्हटले असते? याच आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले की हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र आहेत असे मानणे हा भ्रम आहे, आणि बंधुतेवाचून समता व स्वातंत्र्य वरवरच्या रंगापलीकडे जाणार नाहीत. ज्याने संविधानाचा मसुदा घडवला तो राष्ट्राचे अस्तित्व 'आहे' म्हणून नव्हे तर 'व्हायचे आहे' म्हणून सांगत होता. त्यानंतर तेवीस वर्षांनी, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना' विशेषांकात राजा ढाले यांनी 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख लिहिला आणि राष्ट्रध्वजाच्या अवमानाला कायदा जे मोल देतो ते दलित स्त्रीच्या अब्रूला देतो काय, असा प्रश्न केला. त्या लेखाने महाराष्ट्र हादरला. त्याची भाषा अनेकांना असह्य वाटली. पण त्याचा तर्क नैयायिकाचा होता. तुमची प्रतिज्ञा ऐकली, आता उदाहरण दाखवा, एवढेच तो म्हणत होता.

परंपरांच्या अभिमानाचे वाक्यही याच कसोटीला लागते. आपल्या परंपरांत चोखोबा आहेत आणि चोखोबांना मंदिराबाहेर ठेवणारी प्रथाही आहे. दोन्हींचा अभिमान एकाच दमात बाळगता येत नाही. कोणत्या परंपरेचे पाईक व्हायचे हे निवडावे लागते, आणि निवड शिकवल्याशिवाय येत नाही.

आता सक्तीचा मुद्दा. केरळातील कोट्टायम जिल्ह्यात १९८५ च्या जुलैत तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. तीही 'यहोवाचे साक्षीदार' पंथाची. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. गात मात्र नसत. 'बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य' या खटल्यात ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ओ. चिनप्पा रेड्डी आणि मु. म. दत्त यांनी मुलांची हकालपट्टी रद्द केली. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही; आदराने उभे राहणे हा अनादर होत नाही; मौन हाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे न्यायालयाने मानले, आणि अमेरिकेतील खटल्यांचाही परामर्श घेतला. सहिष्णुता ही आपल्या परंपरेची आणि संविधानाची शिकवण आहे, ती पातळ होऊ देऊ नये, अशा आशयाने निकालपत्राचा शेवट होतो. हा निकाल राष्ट्रगीताविषयी होता, प्रतिज्ञेविषयी नव्हे. पण प्रतिज्ञेला तो अधिकच लागू पडावा. गीत समूहाने गायचे असते. प्रतिज्ञा ज्याची त्याने करायची असते.

या ठिकाणी एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. मूल पाढे म्हणते ते समजून म्हणते काय? शुभंकरोती म्हणते ते अर्थ जाणून म्हणते काय? आधी जिभेवर बसते, मग अर्थ उमलतो. संस्कार असेच होतात. मग प्रतिज्ञेलाच ही कसोटी का? आमचे उत्तर असे की पाढ्यांचे सत्य म्हणणाऱ्यावर अवलंबून नसते. बेचा पाढा रडत म्हटला तरी बरोबर असतो. प्रतिज्ञेचे सत्य मात्र सर्वस्वी म्हणणाऱ्यावर अवलंबून असते. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांचे 'हाउ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स' हे पुस्तक, योगायोगाने, १९६२ सालीच प्रसिद्ध झाले. वचन देणे, शपथ घेणे अशा उच्चारांतून माहिती दिली जात नाही, कृती केली जाते. आणि ती कृती घडायला बोलणारा योग्य स्थितीत असावा लागतो, असे त्यात मांडले आहे. नाटकातल्या पात्राने केलेले लग्न लागत नाही. धाकाखाली दिलेले वचन वचन ठरत नाही. आपला करार कायदाही हेच मानतो: अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ सालीच सांगून ठेवले आहे. ज्या मुलाची सही आपण साध्या कर्जरोख्यावर घेत नाही, त्याच्याकडून आपण आयुष्यभराची निष्ठा रोज सकाळी वदवून घेतो. मंत्र्याला घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीने दोन पर्याय दिले आहेत: ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी अथवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करावे. मुलाला पर्याय नाही.

तेव्हा प्रतिज्ञा बंद करावी काय? आम्हांला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण 'माझा' या शब्दात आहे. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या मणिभवनात गांधीजींच्या भेटीत आंबेडकरांनी आपल्याला मायभूमी नाही असे सुनावले होते. ज्यांना देशाने आपले म्हटले नाही त्यांचे मूल ज्या दिवशी सर्वांच्या रांगेत उभे राहून देशाला 'माझा' म्हणते, त्या दिवशी ते केवळ निष्ठा देत नसते. हक्क सांगत असते. वस्तीवरच्या, पाड्यावरच्या, पहिल्यांदा शाळेची पायरी चढलेल्या घरातल्या मुलाच्या तोंडी हा शब्द दाव्यासारखा येतो. तो दावा त्याच्या तोंडून काढून घेणे हे त्याच्या स्वातंत्र्याचे रक्षण ठरणार नाही. प्रतिज्ञेचे दोन्ही अर्थ येथे एकत्र येतात. मूल विधान मांडते; ते खरे करून दाखवण्याचा भार ऐकणाऱ्या मोठ्यांवर येतो.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. पहिली, प्रतिज्ञा असावी, पण तिच्या वेळी शांत उभे राहण्याचा अधिकार मुलाला असावा, आणि त्या मौनाची नोंद शिस्तभंग म्हणून होऊ नये. न म्हणण्याची वाट उघडी असेल तरच म्हणण्याला प्रतिज्ञेचा दर्जा येतो. दुसरी, ती पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच्या पानावरून उचलून एकदा तरी धडा म्हणून शिकवावी. लेखक कोण, मूळ भाषा कोणती, १९६५ च्या त्या दिवशी देशात काय चालले होते, 'पाईक' म्हणजे काय, 'बांधव' शब्दात बहिणी कोठे आहेत, हे आठवी-नववीच्या मुलांना सहज झेपेल. महाराष्ट्र शासनाने २०२० च्या प्रजासत्ताक दिनापासून शाळांत उद्देशिकेचे वाचन सुरू करण्याचे ठरवले. प्रतिज्ञा आणि उद्देशिका शेजारी ठेवून 'मी' आणि 'आम्ही', 'आहे' आणि 'निर्धार' यांतला फरक दाखवणारा एक तास मराठीच्या शिक्षकाला कितीतरी देऊन जाईल.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी आणि आपल्या सर्वांसाठी. परिपाठ संपल्यावर वर्गात कोण कोणाशेजारी बसते, डबा कोण कोणाबरोबर खाते, हजेरी घेताना कोणाच्या आडनावापाशी आवाज बदलतो, कोणाला झाडायला सांगितले जाते, या गोष्टी प्रतिज्ञेचे उदाहरण आहेत. मुले ते उदाहरण प्रतिज्ञेइतक्याच नेमाने रोज पाहत असतात, आणि दुपारपर्यंत त्यांना कळलेले असते की सकाळचे विधान सिद्ध झाले की नाही.